साठीचं आतडं

४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो फोन उचलायचा नाही, ही अट मान्य असेल तरच पुढे वाच. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि मला बरेच सांगायचे आहे. म्हणून टपालाचा आश्रय घेतला.

आमच्या कचेरीत पन्नाशी ओलांडलेल्यांची दरवर्षी तपासणी होते. यंदा माझ्या शौचात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे रक्त आढळले. पुढची पायरी म्हणून मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली, आणि आतल्या अस्तरावर तीन गाठी सापडल्या. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. हा कर्करोग नव्हे, हे वाक्य दोनदा वाच. मात्र अशांपैकी काही गाठी वर्षानुवर्षे तशाच राहिल्या तर त्या वाटेला लागू शकतात. माझ्या दोन अगदी बारीक होत्या, तिसरी चांगली द्राक्षाएवढी. तिन्ही त्याच वेळी काढून टाकल्या. मी कामावर रुजू आहे आणि माझ्याविषयी काळजीचे कारण नाही.

कारण आहे ते तुझ्याविषयी. डॉक्टरांनी विचारले, सख्खी भावंडे किती? मी म्हणालो, एक थोरली बहीण, एकसष्टाव्या वर्षात आहे. ते म्हणाले, त्या तिसऱ्या गाठीचे स्वरूप पाहता बहिणीनेही ही तपासणी करून घेतलीच पाहिजे, त्रास असो वा नसो.

आणखी एक. खारवलेले, धुरावलेले मांस आणि सॉसेज शक्यतो बंद करावे आणि लाल मांस कमी करावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तेव्हा या महिन्यात तुझ्या मांसाच्या दुकानातून पार्सल पाठवू नकोस. हे लिहिताना हात जड झाला. कामानिमित्त मी पुष्कळ हॉटेले पालथी घातली, पण तुझ्या सॉसेजच्या तोडीचे कुठे मिळाले नाही, आणि हे मी तू बहीण आहेस म्हणून लिहीत नाही.

भावोजींना नमस्कार. तपासणीची तारीख कळव.

तुझा धाकटा


१२ फेब्रुवारी

शेंडेफळा,

अट पाळली. सगळं वाचलं, मग फोन उचलला आणि परत ठेवला. म्हटलं, तूही टपालच वाच. तू खरंच बरा आहेस ना? की इथेही कचेरीतल्यासारखं 'काळजीचे कारण नाही' असं छापील लिहून मोकळा झालास?

बरा असशील तर आता भांडते. सरळ सांग ना, बहिणीच्या हातचं खाऊन रोग जडला म्हणून. इतकं वळसे घालून कशाला? बाबा गेल्यावर मी सुरी हातात घेतली आणि तुला कॉमर्स कॉलेजात घातलं. तेव्हा डब्यात याच दुकानातलं मांस असायचं, आणि तू बोटं चाटायचास. तेव्हा नाही झाल्या गाठी!

आणि आतडं तू मला शिकवणार? अरे, सोळाव्या वर्षापासून मी आतडी उलटी करतेय. नळाच्या धारेखाली मोज्यासारखं उलटं करायचं, बुळबुळीत थर खरवडायचा, उजेडाला धरायचं, मगच त्यात सॉसेजचं मांस भरायचं. तुझ्या डॉक्टरने सात जन्मांत बघितली नसतील इतकी आतडी या हातांखालून गेलीत. त्यातल्या एकातही गाठ दिसली नाही. द्राक्ष राहू दे, मोहरीएवढीसुद्धा नाही. या गाठी खुर्चीत बसून आकडे मांडणाऱ्यांना होत असतील. आम्ही दिवसभर उभे असतो.

तरी तुझ्या शब्दाचा मान ठेवला. मांस सोडलं आणि मासे सुरू केले. शेजारच्या मासळीवालीचे पाय जमिनीवर नाहीत. काल भर गिऱ्हाइकात ओरडली, "बघा बघा, शेवटी मांसवाली माझ्या फळीवर आली की नाही! जन्मभर मासे खाल्लेत मी, पोट आरशासारखं आहे!" मी म्हटलं, "कधी आत डोकावून बघितलंस गं तो आरसा?" सगळे हसले. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मासा ताजा दिला.

म्हणजे मासे सुरू झाले, विषय मिटला. ती दुर्बिणीची नळी-बिळी नको. हे म्हणतात मी फिकी दिसते. दुकानात नवा पांढरा दिवा लावलाय, त्याखाली मांससुद्धा फिकं दिसतं. दोन जिने चढल्यावर दम लागतो, तो कोणाला लागत नाही?

तुझ्या बायकोला सांग, तुला नीट जेवायला घाल म्हणावं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

मासळीवालीला तू जो प्रश्न विचारलास तो उत्तम आहे. तोच आता मी तुला विचारतो. तू कधी आत डोकावून पाहिलेस?

तू मला दोष दिलास त्याचे उत्तर आधी देतो. मी तुला जबाबदार धरलेले नाही. तुझ्या कामाविषयी माझ्या मनात काय आहे ते मी तोंडाने कधी बोललो नाही, लेखी देतो. कॉलेजातून आल्यावर मी दुकानाच्या मागच्या दारात बसून अभ्यास करायचो, आणि तुझ्याकडे पाहण्यात अभ्यास राहून जायचा. ते ओले, निसरडे, कागदापेक्षा पातळ आतडे तू मांस भरायच्या नळीवर चढवायचीस, डाव्या हाताने मांसाचा दाब घ्यायचीस आणि उजव्या हाताने पीळ द्यायचीस. सगळे सॉसेज एकसारखे, आणि फाटलेले एकही नाही. पुढे मी मोठमोठ्या कारखान्यांचे हिशेब तपासले, पण काम चोख असणे म्हणजे काय, हे मी त्या मागच्या दारात शिकलो.

आता माशांविषयी. तुझे पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, "बहिणीला सांगा, मासे जरूर खा." लाल मांस आणि विशेषतः खारवलेले, धुरावलेले मांस भरपूर खाणाऱ्यांत या गाठी काहीशा अधिक आढळतात, माशांबाबत तसे दिसत नाही. मासे खाल्ल्याने गाठी टळतात का, यावर मात्र अभ्यासांचे एकमत नाही. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत दिसला नाही. मी विचारले, "आणि असलेली गाठ?" ते म्हणाले, "ती माशाने जात नाही. ती दिसावी लागते आणि काढावी लागते." म्हणजे मासे हा तपासणीला पर्याय ठरत नाही.

राहिली तुझी आतडी. माझे काम तुला ठाऊक आहे. गोदामातला सगळा माल कोणी तपासत नाही. काही भाग नमुना म्हणून उचलतात. नमुना किती मोठा आहे, हे विचारण्याआधी तो कुठून उचलला, हे विचारायचे असते. तुझा नमुना प्रचंड आहे, याबद्दल वाद नाही. पण ताई, कोवळे मांस ही तर तुझ्या दुकानाची ख्याती. तुझ्या ठोकळ्यावर आलेले प्रत्येक जनावर तरुण होते. या गाठी वयाबरोबर येतात. तू इतकी आतडी पाहिलीस, त्यांत म्हातारे एकही नव्हते. साठीचं आतडं तू कधी पाहिलेलेच नाहीस.

ते एकच तुझ्या हाताशी आहे, आणि तेच तू उजेडाला धरायला तयार नाहीस.

रागाव, पण तारीख ठरव.

तुझा धाकटा


९ मार्च

शेंडेफळा,

तुझं पत्र गल्ल्यावर उभी राहून वाचलं. शेवटाला आले तेव्हा समोरचं गिऱ्हाईक विचारत होतं, "पाव किलो म्हटलं मी, ऐकताय ना?" मी त्याला अर्धा किलो तोलून दिलं आणि पैसे पावाचे घेतले. हे बघत राहिले.

मग मी काय केलं असेल? जनावरं पुरवणाऱ्याला निरोप धाडला, तुझ्याकडली सगळ्यात म्हातारी मेंढी पाठव. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. ह्यांनाही तसंच वाटलं. "चामड्यासारखं मांस कोण घेणार? चपला शिवायच्या आहेत का?" मी म्हटलं, "मांस नको मला, आतडं हवंय."

दुकान बंद झाल्यावर बसले. शांतपणे उलटं केलं, नळाखाली धरलं, बोटाबोटाने पुढे सरकवलं. काही नव्हतं रे. स्वच्छ होतं. मी अर्ध्यावरच तुला चार शब्द सुनवायचं पत्र मनात जुळवायला लागले होते.

पण गंमत बघ. आतडं बघायला मी पहिल्यांदा चष्मा लावला होता. तेव्हा उमगलं की इतकी वर्षं मी बघत होते ते भोक आहे का, फाटेल का, मांस धरेल का एवढंच. गाठ मी कधी शोधलीच नव्हती. आणि खरवडताना पात्याखाली एखादी गेली असेल तर ती थराबरोबर वाहून गेली, मला काय कळणार? शिवाय एका मेंढीवरून काही ठरत नाही, हे तू सांगायच्या आधी मीच सांगते.

आता पुढचं लिहिते ते ह्यांना माहीत नाही. मला रक्त जातंय. दिवाळखोर माणसासारखं मी ते स्वतःपासूनही लपवत होते. मूळव्याध असेल म्हटलं, उभ्याचं काम आहे, होते कुणालाही. पावसाळा संपल्यापासून आहे. सुरुवातीला कधीतरी, हल्ली बरेचदा. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मनात हेच आलं होतं. म्हणून तर एवढी भांडले.

मला भीती वाटतेय. नळीची नाही. नळीच्या टोकाला काय दिसेल त्याची.

ताई


१३ मार्च

ताई,

भावोजींना आजच सांग. हे पत्र मिळेपर्यंत सांगितले नसशील तर पत्र त्यांच्या हातात दे.

तुमच्याकडच्या मोठ्या रुग्णालयात मी फोनवर बोललो आहे. रक्त जाते असे सांगितल्यावर त्यांनी लवकरची वेळ दिली. कळवायला त्यांचा फोन येईल, तो उचल. मी रजा टाकली आहे. आदल्या दिवशी पोहोचतो.

म्हातारी मेंढी मागवणारी माणसे मी माझ्या धंद्यात पाहिली नाहीत. स्वतःचे म्हणणे खोटे ठरेल अशा जागी जाऊन ते तपासायला मोठे धैर्य लागते. बहुतेक लोक आपल्या बाजूचा पुरावा जमवत बसतात. तू उलट केलेस, आणि हाती आपल्या बाजूचा निकाल आला तरी त्यावर विसंबली नाहीस. मला तुझा अभिमान वाटतो. एवढेच सुचते आहे.

तुझा धाकटा


२९ मार्च

शेंडेफळा,

तू परत गेलास आणि घर मोकळं झालं. तू बाहेर बाकावर बसला होतास, आत काय झालं ते तुला नीट सांगितलंच नाही. तेव्हा बोलले असते तर रडले असते. आता लिहिते.

आदल्या दिवशीच्या त्या औषधाबद्दल बोलायलाच नको. तू दाराबाहेरून "ताई, अजून एक पेला राहिलाय" असं दर थोड्या वेळाने सांगत होतास, तेव्हा तुला सुरीने सोलावंसं वाटलं होतं. आमच्या दुकानात नळाखालीसुद्धा आतडं इतकं लख्ख होत नाही.

आत डॉक्टरीणबाई होती, तरुण पोर. म्हणाली, "झोपेचं औषध देते, डोळे मिटून पडा मावशी." मी म्हटलं, "नको. मला बघायचंय." "घाबराल." "आतड्यांना? त्यांच्यातच जन्म गेला माझा." तिने विचारलं, काय करता? सांगितलं. नर्स तोंडाला हात लावून हसली. ती पोर नाही हसली. तिने पडदा माझ्याकडे वळवला.

अरे, काय दिसलं! गुलाबी, ओलं, वळ्यावळ्यांचं, चमकणारं आणि आपोआप हलणारं. जन्मभर मी मेलेलं आतडं बघितलं. जिवंत पहिल्यांदा बघितलं, आणि तेही माझंच.

आणि तिचे हात! वळणावर नळी अडली, मला कळ आली. दुसरं कोणी रेटलं असतं. ती थांबली, थोडी मागे आली, वेटोळं सैल केलं, मला कुशीवर वळवलं आणि नळी आपसूक पुढे गेली. ओल्या आतड्याशी जबरदस्ती करायची नसते, हे कळायला मला दोन वर्षं आणि बाबांची बोलणी लागली होती. या पोरीला कोणी शिकवलं असेल? मी म्हटलं, "छान हात आहे तुझा." ती म्हणाली, "मावशी, हलू नका. पण थँक्यू."

मग पहिली दिसली. देठावर उभी, आळंब्यासारखी. तिने बारीक तारेचा फास त्या देठावर टाकला, हलकेच आवळला, कड पांढरी झाली आणि गाठ सुटली. मी ओरडणार होते, वा! दुसरी पुढे होती. चपटी, पसरलेली, खरबरीत ठिगळासारखी. तिथे तिने पडद्याजवळ तोंड नेलं. नर्सही जवळ सरकली. मला कळायचं ते कळलं. तिच्याखाली निळसर पाणी टोचून तिने ती उचलून घेतली आणि तुकड्यातुकड्यांनी सोलून काढली. कितीतरी वेळ लागला. एकदाही घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "मला दिसली ती सगळी काढली. आत काय दडलंय ते प्रयोगशाळा सांगेल." रक्तही फार कमी झालंय म्हणे. म्हणजे दिव्याचा दोष नव्हता.

आता वाट बघणं आहे. तोवर एक गोष्ट मला झोपू देत नाही, आणि ती माझ्या पोटाबद्दलची नाही. माझ्या सॉसेजसाठी लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून येतात. शिंपी येतो, टपालातला येतो, शाळेतली बाई येते. मी त्यांना इतकी वर्षं काय विकलं रे? तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुलाच विचारते. दुकान बंद करू का?

ताई


६ एप्रिल

ताई,

तुझा प्रश्न मी जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवला आणि त्यावर चार दिवस विचार केला. जे मला पटले तेच लिहितो.

हजारो माणसांकडे एकत्र पाहिले तर रोज भरपूर सॉसेज आणि धुरावलेले मांस खाण्याने धोका वाढतो. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण एका माणसाच्या गाठीत मांसाचा वाटा किती, हे कोणी सांगू शकत नाही. माझेच घे. वय आहे, आपले घराणे आहे, बैठे काम आहे, ज्या सिगारेटींसाठी तू मला चपलेने बडवले होतेस त्या आहेत, आणि मांसही आहे. कोणाच्या नावावर किती लिहायचे? अमुकाला तुझ्यामुळे गाठ झाली, असे म्हणायला आधार नाही. तुझा माल निर्दोष आहे, असे म्हणायलाही आधार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये उभे राहून तुला दुकान चालवायचे आहे. ती जागा अडचणीची आहे, पण तीच खरी आहे.

दुकान बंद करू नकोस. शिंपी उद्या दुसऱ्या दुकानात जाईल आणि तेच मांस, तुझ्या निम्म्या स्वच्छतेचे, खाईल. त्याचे आतडे मात्र कोणीच पाहिलेले नसेल. डॉक्टर म्हणाले, "खाण्याने धोका थोडा कमी-जास्त होतो, वेळेवर गाठ काढली तर पुष्कळच टळते." मला यातले दुसरे वाक्य मोठे वाटते.

इथे मी रोज टपालाची आणि फोनची वाट पाहतो. कामात एक बेरीज चुकली, ती हाताखालच्या मुलीने दाखवून दिली. तिला मी शाबासकी दिली आणि घरी येऊन पुन्हा फोनपाशी बसलो.

तुझा धाकटा


१८ एप्रिल

शेंडेफळा,

निकाल तुला फोनवर ओरडून सांगितला, पण लेखी दिल्याशिवाय तुझं समाधान व्हायचं नाही. तर घे. चपट्या गाठीत बिघाड सुरू झाला होता, चांगलाच पुढे गेला होता, पण अस्तराच्या आतच होता. कर्करोग नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, अजून काही वर्षं थांबला असतात तर आपण वेगळं बोललो असतो." रक्त वाढायच्या गोळ्या दिल्यात आणि सहा महिन्यांनी परत नळी. मी म्हटलं, तूच हवीस. ती म्हणाली, मीच असेन.

रुग्णालयातून आम्ही चालत आलो. ह्यांनी वाटेत माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात कधी धरला नव्हता. मी म्हटलं, "लोक बघतायत." हे म्हणाले, "बघू देत. आता सगळं आतून बघून झालंय, बाहेरून काय लपवायचंय?" मी भर चौकात हसत सुटले.

सॉसेज बंद करणार नाही. पण रोज भरायची नाहीत, फक्त शनिवारी भरायची. धुरी द्यायची खोली रिकामी करायला काढली आहे. ह्यांनी विचारलं, गिऱ्हाईक तुटलं तर? मी म्हटलं, तुटू दे थोडं.

दुकानाशी आलो तेव्हा उघडायची वेळ टळून गेली होती. बंद दारासमोर नेहमीची चार-पाच जणं पिशव्या धरून उभी होती, सगळ्यात पुढे शिंपी. मी दार उघडलं, दिवा लावला, एप्रन बांधला. तो म्हणाला, "काय बाई, आज आम्हाला उपाशी मारायचा बेत होता का? सॉसेज द्या अर्धा किलो."

मी त्याच्याकडे बघितलं. केस पांढरे, गाल आत गेलेले. इतकी वर्षं मी त्याच्या पिशवीकडे बघत आले, तोंडाकडे आज बघितलं.

"वय काय तुमचं?"

"का? वयावर भाव लावायला लागलात?"

"भाव तोच आहे. वय सांगा."

"बासष्ट पुरी होतील. आता तोला की."

मी सुरी ठोकळ्यावर ठेवली, हात पुसले आणि आतलं स्टूल आणून त्याच्यासमोर ठेवलं. मागच्यांना म्हटलं, "तुम्हीही थांबा जरा, सगळ्यांनाच ऐकायचंय." आणि त्याला म्हटलं, "बसा. आधी मला काय झालं होतं ते सांगते, मग तोलते."

तो बसला.

ताई